घोडीचं गंगावन

"मारू नको गो बाय, पुस."

डास माझ्या मनगटावर बसला होता आणि मी आपली सवयीने चापट उगारली होती. तेवढ्यात समोरून त्यांचा हात आला. मला न शिवता, माझ्या हाताच्या वरून वीतभर अंतरावर, त्यांनी तळवा असा वरून खाली फिरवला, भिंतीवरचा ओला चुना सारखा करावा तसा. डास उडून गेला. मी म्हटलं, "अहो, डास आहे तो. तुमच्या घरचा पाहुणा नाही." तर म्हणाले, "थापट मारायची सवय लागली ना हाताला, मग ती घोडीच्या आंगावर पन पडते. ती दचकते. दचकली की वरचा नवरा खाली."

ही आमची पहिली भेट. घणसोली गावात माझं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, भाड्याच्या खोलीचा पुढचा अर्धा भाग, एक मशीन, एक स्टूल, आणि मागे पडद्याआड माझा संसार. ब्लाउज, पडदे, फॉल-बिडिंग. त्या दिवशी दारात एक उंच, काटकुळा माणूस येऊन उभा राहिला, खांद्यावर ओला पंचा, अंगाला कडुलिंबाच्या तेलाचा असा वास की माझ्या पुढ्यातली बाई नाकाला पदर लावून उठलीच.

तुम्ही लग्नात घोडीवाले पाहिले असतील. म्हणजे पाहिले असतील असं आपल्याला वाटतं. आपण बघतो नवऱ्याकडे, त्याच्या फेट्याकडे, घोडीच्या कपाळावरच्या गोंड्याकडे. लगाम धरून चालणाऱ्याचा चेहरा कोणाला आठवतो? मीसुद्धा तोवर किती वराती पाहिल्या होत्या, पण तो चेहरा कधी पाहिला नव्हता. मग तीन वर्षं रोज पाहिला.

मी म्हटलं, "बसा की."

"नको, बरा हाय उभाच." आणि या पायावरून त्या पायावर. पुन्हा त्या पायावरून या पायावर. मला वाटलं घाईत असतील. नंतर कळलं, हा माणूस असाच. चहा उभ्याने, बोलणं उभ्याने, बोलताना नजर तुमच्यावर नाही, गल्लीच्या टोकाला. त्या टोकाला, गावठाणाच्या मागे, खाडीकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांचा पत्र्याचा गोठा होता आणि त्यात ती पांढरी घोडी.

घर इथलंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं. आधी शेती होती, मग जमिनी शहराला गेल्या, मग घरावर मजले चढले आणि मजल्यांवर भाडेकरू आले. त्यांच्या धाकट्या भावाचा हात भाड्यात आणि बांधकामात बसला. हे थोरले, बायको वारलेली, मूलबाळ नाही. स्वतःची चांगली खोली सोडून गोठ्यातच खाट टाकून राहायचे. भावजय म्हणायची, "आमच्या भावोजींची सासुरवाडी घोड्याच्या दावनीला हाय." ते ऐकायचे आणि हसायचे. कोणी टोचून बोललं तर त्यांना लागायचं नाही. घोडीला डास चावला तर लागायचं.

तर ते आले होते कशाला? मच्छरदाणी शिवायला. मी विचारलं, "डबल बेडची की सिंगल?" म्हणाले, "घोडीची."

मी मशीनचं पायडल थांबवलं.

तुम्ही हसाल, मीही हसले होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन गोठ्यात गेलेच. माप घ्यायचं म्हटल्यावर मी ब्लाउजची वही नेली होती. त्यातच लिहिलं. आजही ती वही माझ्याकडे आहे, शेजारच्या दोन बायकांच्या मापांच्या मधोमध: घोडी, छाती सत्तर, मानेपासून शेपटीपर्यंत चौऱ्याऐंशी. मी विचारलं, "गळा कसला ठेवू?" त्यांनी खरंच विचार केला. म्हणाले, "बंद गला."

आणि माप घेताना मी पहिल्यांदा नीट पाहिलं. ती घोडी एक क्षण उभी राहत नव्हती. पाय आपट, दुसरा आपट, मान झटक, पोटाची कातडी थरथरव, शेपटी डावीकडे, शेपटी उजवीकडे. टेप धरली की सरकायची. मला वाटलं मला घाबरली. ते म्हणाले, "तुला नाय गो घाबरली. बघ." आणि त्यांनी तिच्या पोटाखालून तळवा पुसत नेला आणि मला दाखवला. तळव्यावर मोहरीहून बारीक काळे ठिपके. चिलटं. काही नुसती, काही रक्त पिऊन लाल झालेली.

मग त्यांनी मला शिकवलंच सगळं, उभ्याउभ्याने. घोडमाशी उन्हाची येते, एकटी येते, पण चावते ती कापल्यासारखी, आणि काळ्या-निळ्या रंगावर आधी बसते, म्हणून तिच्या अंगावर गडद झूल घालायची नाही. डास दिवे लागताना येतात, मानेला आणि कानाला. आणि चिलटं पहाटे आणि सांजेला, वारा पडला की, खाडीच्या चिखलातून ढगासारखी. ती आयाळीच्या मुळात शिरतात आणि शेपटीच्या बुडख्यात. "मोठ्यांचा काय नाय," ते म्हणायचे, "दिसतात, हाकलता येतात. ही बारकी जी हायत ना, ती येडी करतात."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कोणी विचारलं, काय चाललंय, तर, "पुसतोय." एवढंच. कशी आहे घोडी, तर, "पुसतोय."

एका वरातीची गोष्ट सांगते, म्हणजे माणूस कळेल. कोपरखैरण्याचं लग्न होतं. मुलीकडच्या कोणी हौशी बाईने घोडीच्या शेपटीची वेणी घालून त्यावर जरीचा गोटा गुंडाळायचं ठरवलं. फोटोत छान दिसतं म्हणे. हे म्हणाले, "बाय, सगला सजवा, शेपूट नको बांधू. तिचा हात हाय तो." बाई ऐकेनात. हे वाद घालणारे नव्हते. शेपटी बांधू दिली, आणि पूर्ण वरात, बँड पुढे, नवरा वर, नाचणारे मध्ये, आणि हे पंचा घेऊन घोडीच्या मागे. डावीकडून पुसायचं, उजवीकडून पुसायचं. लगाम एका बँडवाल्याकडे दिला होता. कोणीतरी ओरडलं, "मामा, घोडीची आरती करताय का?" तर म्हणाले, "आज शेपूट मी हाय." ही गोष्ट त्या बँडवाल्याने मला सांगितली, हसत हसत.

बरं, मच्छरदाणीचं राहिलंच. मी दोन जुन्या मच्छरदाण्या उसवून, जोडून, बंद गळ्याची, पोटाखाली नाड्यांची अशी शिवली. मला फार अभिमान वाटला त्या कामाचा. गल्लीतल्या बायकांना दाखवली. संध्याकाळी घोडीवाल्यांनी ती घोडीला घातली आणि मला सांगून गेले, "बाय, आज ती झोपंल."

सकाळी मी चहाआधी गोठ्यात गेले. घोडीने खांबाला मान घासून घासून सोलवटून काढली होती. जाळीच्या आत, तिच्या पाठीवर, काळे ठिपकेच ठिपके. मच्छरदाणीची भोकं डासाच्या मापाची. चिलट त्याच्या निम्म्याचंही नाही. ती सरळ आत गेली, पोट भरून फुगली आणि मग त्याच भोकातून त्यांना बाहेर येता येईना. सगळी रात्रभर आत. माझ्या बंद गळ्याने घोडीला चिलटांबरोबर पोत्यात घातलं होतं, बघा.

मला तोंड दाखवायची लाज वाटली. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. जाळी सोडवताना नुसते म्हणाले, "आत यायची वाट गावली, भायेर जायची नाय गावली तिला." हे ते घोडीबद्दल नाही, चिलटाबद्दल म्हणत होते. असा माणूस.

मग जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, जीन्स-टीशर्ट, पण हात हळू. त्यांनी मान पाहिली, शेपटीचं मूळ पाहिलं, केस नाहीसे होऊन गुलाबी झालेली कातडी पाहिली. विचारलं, "ही इथलीच का?" हे म्हणाले, "नाय, सारंगखेड्याच्या बाजारातून आनली." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेच. कोरड्या मुलखातली आहे. काका, हिला चिलटांच्या थुंकीचं वावडं आहे. दुसऱ्या घोड्याला दहा चावली तर काही होत नाही, हिला एक चावलं तरी आग होते. मलम देते, पण मलमाने मिटणारं नाही हे. ही चिलटं वाऱ्यात उडू शकत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. वारा असेल तिथे ती नसतात."

गल्लीत दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी तेच, घोडीला वावडं आहे. भावजय म्हणाली, "आता तिला काय मिनरल वॉटर देनार?" मला मात्र हसू आलं नाही. मी स्वतः मराठवाड्यातून या खाडीकाठाला आले तेव्हा पहिल्या वर्षी माझ्या अंगभर गांधी उठायच्या. माझे यजमान म्हणायचे, होईल सवय. झाली. माणसाला होते, किंवा नाही झाली तरी तो बोलत नाही. घोडीला बोलता येत नव्हतं, म्हणून ती पाय आपटत होती.

वारा म्हटल्यावर यांनी गोठ्यात पंखा आणला, उभा, मोठा, हळदीच्या मांडवात लावतात तसला. मग दुसरा आणला. भावजय पुन्हा, "आमच्या खोलीत एक, तो पन घरघर करतो. हिला दोन." पंखे चालू असले की घोडी जरा शांत. लाइट गेली की पाच मिनिटांत पाय आपटायला सुरुवात. लाइट गेली की हे पंचा घेऊन स्वतः पंखा. संध्याकाळी कडुलिंबाचा पाला आणि नारळाच्या शेंड्या जाळून धुरी करायचे, तर मागच्या टॉवरमधली माणसं खाली आली. एक गृहस्थ म्हणाले, "काका, आमच्या बेडरूममध्ये स्मोक येतो." हे हात जोडून म्हणाले, "तुमच्याकडे धूर येतो, आमच्याकडे तुमच्या गटाराचे डास येतात." एवढं बोलले, आणि दुसऱ्या दिवसापासून धुरी बंद केली. मला म्हणाले, "त्यांची पन पोरं खोकतात गो."

मग मी पुन्हा शिवायला घेतलं. माझी चूक मलाच खात होती. या वेळी मी नायलॉनच्या साड्या गोळा केल्या. जुन्या, पातळ, बारीक विणीच्या, ज्या आता कोणी नेसत नाही आणि टाकवतही नाही. गल्लीतल्या बायकांनी दिल्या. एकीने साखरपुड्याची दिली, म्हणाली, नाहीतरी नवरा आता ओळखत नाही. चिलट त्या विणीतून जात नाही, मी आधी चार चिलटं पेल्यात धरून, तोंडावर साडी ताणून बघितलं होतं. फिकटच रंग घेतले, पोपटी, गुलाबी, लिंबू. त्याची झूल, मानेची टोपी, पोटाचा पट्टा. घोडी त्यात अशी दिसायची की खाडीकडे फिरायला जाणारे लोक थांबायचे. बायका आपापली साडी ओळखायच्या, "ती बघ, डाव्या मांडीवर माझी."

बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, त्या उन्हाळ्यात. पण पावसाळा आला, मग तो उलटला, खाडीचा चिखल फुगला, वारा पडला आणि चिलटं आली. घोडी झुलीतून घामेजायची. घाम आला की घोडमाशा यायच्या. झूल काढली की चिलटं. घातली की घाम. काढा, घाला, काढा, घाला. हे दिवसातून किती वेळा ते करायचे त्याला गणतीच नाही. त्यांचे डोळे आत गेले. माझ्या दारात यायचे, एक वाक्य अर्धं बोलायचे आणि "लाइट गेली वाटतं" म्हणून पळायचे. गेलेली नसायची.

आणि मानेवरची आयाळ. ती गेली. वीतभर जागा सोडली तर सगळी घासून गेली.

त्या सुमारास धाकट्या भावाने सांगितलं. वाईट माणूस नव्हता तो, मी त्याच्या खोलीत राहते, मला माहीत आहे. ओट्यावर बसून नीट बोलला. "दादा, घोडी लग्नाला जात असंल तर गोठा तुझा. मी कधी विषय काढला का? पन ती उभीच राहत नाय, तर कशाला ठेवलीस? चौपाटीवरचा एक जन घ्यायला तयार हाय. गोठ्याच्या जागी चार खोल्या निघतात. ही तुलशीची लग्नं झाली की बघू. एक वरात नीट कर. नाय झाली तर तिला दे."

चौपाटीवर म्हणजे दिवसभर पोरांना पाठीवर घेऊन फिरायचं आणि संध्याकाळी समुद्राकाठच्या माश्या-चिलटांत उभं राहायचं. तिथे पुसायला कोण आहे?

तर एक वरात. ऐरोलीच्या लग्नाची सुपारी वर्षभरापूर्वी घेतलेली होती. तुळशीची लग्नं झाल्यावर पहिल्याच मुहूर्ताची. घोडीची मान उघडी, गुलाबी, खपल्या धरलेली. लग्नाआधी चार दिवस ते माझ्या दारात आले. आज पाय बदलत नव्हते. मला तेच विचित्र वाटलं.

"बाय, गंगावन करून देशील?"

मी म्हटलं, "कोणाला?" आणि विचारतानाच मला कळलं.

आमच्या वेळी बायका अंबाड्यात गंगावन घालायच्या, केस विरळ झाले की. सगळ्यांना माहीत असायचं, कोणी बोलायचं नाही. मी ब्युटी पार्लरमधून केसांचे जुने तुकडे आणले, पांढरट रेशमी दोरे मिसळले, एका मऊ पट्टीवर झालर शिवली. पट्टी मानेवरून, हूक लगामाच्या साजाला. खपल्यांना लागू नये म्हणून खाली मलमलीचं अस्तर. माझ्या आयुष्यात इतकं नाजूक काम मी केलं नाही. शिवताना मी स्वतःला सांगत होते, एक वरात. एकच. मग गोठा राहील, घोडी राहील, हे राहतील. तुम्हीही तेच सांगितलं असतं स्वतःला.

वरातीला मी गेले. कोणी बोलावलं नव्हतं, पण पट्टी मी बांधली होती, ती मला बघायची होती. संध्याकाळची वेळ, वारा अजिबात नाही. घोडी सुंदर दिसत होती. खरं सांगते, सजवलेली आयाळ अशी खांद्यावर आलेली, लोक मोबाइल काढून फोटो घेत होते. नवरा मुलगा कुठल्या तरी आयटीवाल्या ऑफिसातला, चष्मा घातलेला, घाबरलेला. हे त्याला म्हणाले, "भाऊ, तुमी फक्त बसा, खाली मी हाय."

बँड सुरू झाला. शंभर पावलं गेलो असू. घोडीने मान झटकली. ह्यांनी पुसली. पुन्हा झटकली. पट्टीखाली घाम आला होता, घामाच्या वासाने चिलटं आली होती आणि आता त्यांना आयाळीसारखी जागा मिळाली होती, आत शिरायला. मी ते पाहत होते. मला कळत होतं काय होतंय आणि मी काही बोलले नाही. हे पट्टीवरून पुसत होते, पण पट्टीखाली हात जात नव्हता. पट्टी काढली तर सगळ्यांना दिसणार.

नवरीला न्यायची गाडी बाजूला फुलांनी सजवून उभी होती. घोडी एकदम वळली आणि तिने मान गाडीच्या कडेला लावून घासायला सुरुवात केली. एकदा, दोनदा. नवरा वर ताठ झाला. ह्यांनी लगाम ओढला नाही, ती घासतेय तोवर थांबले, तिला ते घासणं हवंच होतं. हूक तुटला. गंगावन फुलांच्या तारेत अडकलं आणि गाडीला लोंबत राहिलं. घोडीची मान सगळ्यांसमोर उघडी झाली. दिव्याच्या उजेडात ती गुलाबी मान ओली चमकत होती.

ढोलवाला थांबला, मग ट्रम्पेटवाला थांबला. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. एका लहान मुलीने आईला विचारलं, "हिला लागलंय का?" आईने तिला कडेवर घेतलं.

नवरा मुलगा खाली वाकून बघत होता. मग तो आपणच उतरला, अवघडत, शेरवानी सावरत. म्हणाला, "काका, राहू दे. मी चालतो." कोणी मागून म्हणालं, अरे अपशकुन, असं कसं. तो म्हणाला, "तिला घेऊन जा तुम्ही." आणि चालायला लागला, नवीन बुटांत.

हे गाडीपाशी गेले. फुलांच्या तारेतून गंगावन सोडवलं, केस नीट केले, घडी घातली आणि मला आणून दिलं. म्हणाले, "तुजा काम चांगला होता गो. झाकायचा मी ठरवला."

ऐरोलीपासून घणसोलीपर्यंत आम्ही तिघं चालत आलो. रस्त्याच्या कडेने, गाड्या बाजूने जाताहेत, आणि प्रत्येक मोठा ट्रक गेला की वाऱ्याचा झोत यायचा. प्रत्येक झोताला घोडी कान पुढे करायची. मी पहिल्यांदा पाहिलं ते. त्यांनी आधी पाहिलं असणार. रबाळ्याला आल्यावर ते म्हणाले, "माळशेजच्या वर, ओतूरकडे एक मानूस हाय. बाजारात भेटला होता. त्याचा मालरान हाय मोकला. तो सांगत होता, तिथं वारा एवढा की टोपी राहत नाय."

मी म्हटलं, "देणार त्याला?"

"तिला देईन. पन तिला पुसनार कोन?"

हे ऐकून भाऊ खूप बोलला. ओट्यावर सगळी गल्ली जमली होती. "आपली माणसं घाटावर जाऊन कोनाच्या गोठ्यात राहतात का? इथं घर हाय, नाव हाय. भाडं तुझ्या वाट्याचं हाय. साठीला आलास आनि घोडीमागं जातोस?" भावजय रडत होती, त्याचंच मला नवल वाटलं. ते म्हणाले, "खोल्या बांध. चार नको, पाच बांध. गोठा मोठा हाय." आणि आत जाऊन पंखे पुसायला लागले, कोणाला तरी द्यायचे होते म्हणून.

आता गोठ्याच्या जागी खोल्या आहेत. पाचच आहेत. बाहेर स्कूटर उभ्या असतात, एका दाराशी तुळस आहे. मी दुकानातून गल्लीच्या टोकाकडे बघते आणि कशाला बघितलं ते विसरते. फोन येतो त्यांचा कधी कधी. मी विचारते, कसं आहे. ते म्हणतात, "काय नाय." आता पुसतोय म्हणत नाहीत.

टेम्पोतून घोडी नेली त्या दिवशी मीही गेले होते. कल्याणवरून, मुरबाडवरून. माझं वय घाटाची वळणं सोसायचं नाही, पण म्हटलं, जाऊच. ड्रायव्हरच्या शेजारी मी, मागे घोडी आणि ते. घाटात धुकं होतं. वर पोचलो तेव्हा दुपार सरली होती. माळ म्हणजे माळच, एक बाभूळ, एक विहीर, बाकी गवत आणि वारा. तो माणूस फेटा धरूनच पुढे आला. माझा पदर डोक्यावर टिकेना.

फळी लावली, घोडी खाली उतरली. ती दहा पावलं गेली आणि थांबली. हे तिच्या बाजूला गेले, पंचा हातात घेऊन, कधी लागेल म्हणून. वारा तिच्या पोटाखालून वाहत होता, गवत सगळं एका बाजूला झोपलेलं. मी टेम्पोला टेकून बघत होते. तिने मान खाली केली, वास घेतला, गवताला तोंड लावलं. ते वाट बघत होते. पाय आपटेल, कातडी थरथरेल, शेपटी हलेल. मीही वाट बघत होते. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, निघायचं का? अंधार व्हायच्या आत घाट उतरू." मी म्हटलं, थांब.

बऱ्याच वेळाने ते मागे सरले. एक पाऊल, मग दुसरं. पुसायला काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आमच्याकडे पाठ केली आणि विहिरीच्या दिशेने चालत गेले, बरेच लांब. मी त्यांच्यामागे गेले नाही. घोडीकडे बघत राहिले.

ती उभी होती. बास. चारही पायांवर, उभी होती.